मनोरीचं टेस्ट सेंटर

अंधेरीच्या त्या ऑफिसात मला नोकरी लागली ती टायपिंगच्या वेगामुळे नाही. साहेबांनी मुलाखतीत एकच प्रश्न मन लावून विचारला, "तुला पटकन हसू येतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग ये सोमवारपासून," ते म्हणाले.

मला अर्थात हसू फार पटकन यायचं, पण वडिलांची गिरणी संपात बंद पडून बरेच महिने झाले होते आणि घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. आईनं विचारलं, "आखातात माणसं पाठवतात म्हणजे नक्की काय करतात गं?" मी म्हटलं, "माहीत नाही, पण पंखा आहे ऑफिसात." तेवढ्यावर आई खूश झाली.

ऑफिस एका टायरच्या दुकानाच्या माडीवर होतं. दिवसभर रबराचा वास यायचा. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यात आखाताच्या आजूबाजूला लाल टाचण्या. साहेब सफारी सूट घालायचे आणि इतकं गोड बोलायचे की समोरचा माणूस पैसे देऊन वर "थँक्यू" म्हणायचा. गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी, लाद्या बसवणारे अशी सगळी माणसं जिना चढून यायची. बरीचशी आमच्या कोकणातली. कोणाची गिरणी सुटलेली, कोणाचं गावातलं काम आटलेलं. मी त्यांचे बायोडेटा टाइप करायची. मग साहेब म्हणायचे, "आता फक्त ट्रेड टेस्ट. ती दिली की तू विमानात बसलासच."

त्या टेस्टची फी असायची, आणि ती टेस्ट व्हायची मनोरीला.

मनोरीलाच का, हे मी पहिल्या आठवड्यात विचारलं. साहेब म्हणाले, "तिथं समुद्राची हवा आहे. आखातातही समुद्र आहे. माणसाला सवय झाली पाहिजे." मी हसले नाही. नोकरी त्याच अटीवर होती.

तर आठवड्यातून दोनदा मी उमेदवारांना घेऊन मालाडहून बसनं मार्वेला जायची, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून मनोरीला. माझ्या पर्सला एक शिट्टी अडकवलेली असायची, ती साहेबांनी दिलेली. टेस्ट सुरू झाली की वाजवायची आणि संपली की वाजवायची. टेस्टची जागा म्हणजे समुद्राजवळचा एक प्लॉट, सुरूची चार झाडं आणि मधोमध खणलेला पाया.

पहिल्या टेस्टा सगळ्या खोदकामाच्या झाल्या. मग काँक्रीटवाल्यांच्या. मग एकदम गवंडीच गवंडी यायला लागले. भिंती कमरेएवढ्या झाल्या, खांद्याएवढ्या झाल्या. मग साहेब म्हणाले की आखातात सध्या सुतारांना फार मागणी आहे. ती मागणी चौकटी बसेपर्यंत टिकली. सुतारांची मागणी सरली आणि प्लंबरांची आली. आखातातल्या कंपन्यांना माणसं कुठल्या क्रमानं लागतात, हे साहेबांच्या त्या प्लॉटवर नजर टाकली की आधीच कळायचं.

शेजारी एक कोळीण मावशी राहायची. तिच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असायचे आणि ती त्यांची राखण करत कुंपणापलीकडून आमच्यावर नजर ठेवायची. एके दिवशी ती मला म्हणाली, "काय गो, तुमची परीक्षा छपराला आली, आन पोरं अजून पहिलीतच?"

मी म्हटलं, "मावशी, टेस्ट आहे ही. कंपनी फार कडक आहे."

"कंपनीला समुद्राकडची खिडकी पायजे वाटतं," मावशी म्हणाली आणि एका कावळ्याला हाकलायला उठली.

त्या दिवशी पहिल्यांदा मी शिट्टी खाली ठेवून घर नीट बघितलं. व्हरांडा, दिवाणखाना, समुद्राकडे तोंड केलेली झोपायची खोली. तोवर मला ते घर आहे हे कळलं नव्हतं असं नाही. पण एखादी गोष्ट रोज बघत गेलं की ती विचित्र वाटायची बंद होते. मावशीनं ती पुन्हा विचित्र करून दिली.

माणसं आखातात जातच नव्हती असं कोणी समजू नये. जायची, पण टेस्टला ढीगभर आणि विमानात मूठभर. बाकीच्यांना साहेब सांगायचे, "पास झालायस, व्हिसा येतोय. तोवर दुसरी टेस्ट देऊन ठेव, फाईल मजबूत होते." दुसऱ्या टेस्टची फी वेगळी.

त्या बाकीच्यांत आमच्याच चाळीतले एक गवंडीकाका होते. सावंतवाडीकडचे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. चाळीतल्या निम्म्या मोऱ्या त्यांनी बांधलेल्या. त्यांनी पायाची टेस्ट दिली होती, भिंतीची दिली होती आणि आता प्लास्टरच्या टेस्टला आले होते. तिन्हींत पास. जेवायच्या सुट्टीत ते माझ्याजवळ येऊन बसले.

"काय गो चेडवा, आता ही कितवी परीक्षा? मॅट्रिकाक पण येवढ्यो परीक्षा नाय असतत."

मी डब्याचं झाकण उघडलं.

"माका एक सांग. ह्या घर कोणाचा?"

"टेस्टचं आहे, काका."

"बरा. मग टेस्टीच्या घराक संडास कित्याक लागता?"

मला हसू आवरलं नाही. आधी मी हसले, मग काका हसले, मग जवळ बसलेला एक रंगारी आणि एक लादीवाला हसायला लागले. हसणं ओसरल्यावर मात्र मला फी आठवली. काकांनी फीसाठी मेहुण्याकडून उसने घेतले होते, हे मला घरून माहीत होतं. त्या दोघांनीही असंच कुठून तरी आणलेलं असणार.

"चौकीवर जायचं का?" रंगाऱ्यानं विचारलं.

"आणि सांगायचं काय?" लादीवाला म्हणाला. "आम्ही परीक्षा दिली आणि पास झालो, म्हणून तक्रार?"

मग काकांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पास होवन काय होणा नाय. आता आमी नापास होतलो."

ठरलं ते एवढंच, आणि ठरवताना सगळ्यांत जास्त उत्साह माझाच होता. साहेब आठवड्यातून एकदाच मनोरीला यायचे, उरलेल्या वेळी तिथली सत्ता माझी. पुढच्या खेपेला रंगारी आले तेव्हा मी साहेबांनी सांगितलेला फिकट बदामी रंग काही आणला नाही. मालाडच्या दुकानात पोपटी रंगाचे डबे पडून होते, कोणी घेत नव्हतं. ते घेतले. रंगाऱ्यांनी समुद्राकडची खोली आणि व्हरांडा असा काही पोपटी केला की खाडीतल्या बोटीतूनही तो दिसावा. लादीवाल्यानं न्हाणीघराचा उतार मोरीकडे न देता दरवाज्याकडे दिला. काम मात्र दृष्ट लागण्यासारखं, एक लादी वरखाली नाही.

शनिवारी साहेब आले. व्हरांड्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हा रंग कोणी सांगितला?"

"कोणी नाही, सर. टेस्ट आहे ना. अवघड रंग दिला की हात कळतो."

माझ्या घराचा सत्यानाश केलास, असं म्हणायचं होतं त्यांना. पण घर त्यांचं नव्हतं, टेस्टचं होतं. मग त्यांनी न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून बघितलं. पाणी शांतपणे दिवाणखान्यात आलं आणि त्यांच्या बुटांभोवती थांबलं.

"याला मी नापास केलंय, सर," मी म्हटलं.

"छान," साहेब म्हणाले. "पुन्हा टेस्ट घे. फी नको घेऊस या वेळी."

आमचा हा पहिला विजय.

नापास होणं फक्त काकांना जमलं नाही. त्यांच्याकडे कंपाउंडची भिंत होती, ती वाकडी बांधायचं ठरलं होतं. ते दोन थर वाकडे लावायचे, मग मागे सरून बघायचे, बघवायचं नाही, आणि ओळंबा लावून सगळं परत सरळ करायचे. मी कुंपणाशी उभी राहून म्हणायची, "काका, वाकडं." ते म्हणायचे, "होय गो, आता करतंय." संध्याकाळी भिंत सुतासारखी सरळ उभी. "हात ऐकणा नाय," ते खजील होऊन म्हणाले. साहेबांना ती भिंत इतकी आवडली की त्यांनी काकांचा खांदा थोपटला. परतीच्या बोटीत काका सगळ्यांकडे पाठ करून बसले.

आणि मग, आम्ही अशा खोड्या करण्यात गुंग असताना, खरंखुरं काम आलं.

आखातातल्या एका मोठ्या बांधकाम कंपनीला माणसं हवी होती आणि त्यांचा इंजिनीअर स्वतः निवडायला येणार होता. साहेब दोन दिवस अत्तर लावून फिरत होते. इंजिनीअर आला तो इजिप्तचा म्हातारा गृहस्थ, पांढऱ्या मिशा, सुटलेलं पोट, हातात छत्री. इंग्रजी अगदी सावकाश बोलायचा, प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. त्यानं ऑफिसात बसल्या बसल्या सांगितलं की माणसांचं तिकीट, व्हिसा, एजन्सीचा मोबदला, सगळं कंपनी देणार. माणसांकडून काही घ्यायचं नाही.

साहेब म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स."

"मागच्या वेळी दुसऱ्या एका एजंटनं घेतलं होतं," इंजिनीअर म्हणाला. "कर्ज काढून आलेला माणूस रात्री झोपत नाही. न झोपलेला माणूस परांचीवरून पडतो. एक पडला. म्हणून मी स्वतः आलो. प्रत्येकाला स्वतः विचारणार."

हे ऐकताना मी शॉर्टहँड घेत होते. माझी पेन्सिल थांबली. साहेबांचं हसू मात्र जागेवरच होतं.

इंजिनीअर हॉटेलवर गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुर्चीत बसायला सांगितलं. ते असं कधी सांगत नसत.

"उद्या मनोरीला तू दुभाषी. तो इंग्रजीत विचारेल, तू मराठीत सांगायचं. बरोबर?"

"हो सर."

"तो विचारेल, तुम्ही कोणाला पैसे दिलेत का. तू विचारायचं, जेवलात का. सकाळी लवकर नेऊ, जेवायच्या आत विचारून घेऊ. ते म्हणतील, नाही. तू सांगायचं, नो सर. कोणी खोटं बोललं नाही, कोणाचं नुकसान नाही. समजलं?"

मी म्हटलं, "समजलं, सर." आणि खरंच, इतकी सुबक लबाडी मी त्याआधी पाहिली नव्हती. मनातल्या मनात दाद दिली.

घरी जाताना काकांच्या खोलीवर गेले. काकी तांदूळ निवडत होती. मी दोघांना सगळं सांगितलं. काका संतापले, पण काकीनं तांदळातला एक खडा बाहेर टाकला आणि म्हणाली, "मग जेवन घ्या तुमी आधी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"साहेब जेवलास काय विचारूक सांगता, तर जेवन बसा. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी साहेबांनी लवकर बोलावलंय असं घरी सांगून निघाले आणि सगळ्यांच्या आधीच्या बोटीनं मनोरीला पोहोचले. कोळीण मावशीच्या दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, आज दहा वाजायच्या आत माझ्या माणसांना जेवायला घालशील का?"

"कोनाचं लगीन हाय?"

मी तिला सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, फक्त आत हाक मारून मोठं टोप काढायला लावलं.

मग परत मार्वेला येऊन मी उमेदवारांबरोबर पुन्हा बोटीत बसले. साहेब आणि इंजिनीअर पुढे, छत्रीखाली. आम्ही मागे. काकांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं की आज जे वाढतील ते खायचं आणि विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं.

मनोरीला उतरून प्लॉटवर आलो. इंजिनीअर त्या पोपटी बंगल्यासमोर थबकला.

"हे काय आहे?"

"टेस्ट स्ट्रक्चर, सर," साहेब म्हणाले. "सगळं आमच्या उमेदवारांनी बांधलंय."

"तुम्ही ते ठेवता?" इंजिनीअरला आश्चर्य वाटलं. "आमच्याकडे टेस्टची भिंत त्याच दिवशी पाडतात. नाहीतर कोणी काय बांधलं, मला कसं कळणार?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी इंजिनीअरकडे बघत होते.

म्हातारा छत्री टेकत टेकत कंपाउंडच्या भिंतीशी गेला, डोळा मिटून तिच्या रेषेत बघितलं, हात फिरवला. "ही कोणी बांधली?" मी काकांना पुढे केलं. "चांगली आहे. याला म्हणावं, पाड आणि माझ्यासमोर पुन्हा बांध."

"सर, ती भिंत फार मजबूत आहे," साहेब घाईनं म्हणाले.

"उत्तम. मग वेळ लागेल. मला घाई नाही."

काकांनी घण उचलला. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, पण पहिला घाव घालताना त्यांचा चेहरा उतरला होता. स्वतःच्या हातची भिंत होती. दुसऱ्या घावानंतर मात्र त्यांना लय सापडली. पलीकडे सुताराला इंजिनीअरनं एक दार चौकटीसकट काढून पुन्हा बसवायला सांगितलं. प्लंबरला नळ उसकटायला लावले. साहेब एका सुरूच्या झाडाखाली उभे होते आणि आपलं घर उलट्या क्रमानं जाताना बघत होते. मध्ये एकदा ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "दिवाणखान्याकडे जाऊ देऊ नकोस त्याला."

"मी कशी अडवू, सर? टेस्ट आहे ना."

या धांदलीत मावशीचं जेवण तयार झालं. इंजिनीअर न्हाणीघरातला उलटा उतार बघण्यात रंगला होता, साहेब त्याला तो उतार आखाती पद्धतीचा आहे असं समजावत होते. तेवढ्या वेळात मावशीनं माणसांना पाळीपाळीनं आपल्या अंगणात बसवलं आणि भात, बोंबलाचं कालवण आणि वर तळलेली मांदेली वाढली. कोणाचं ऐकून घेतलं नाही तिनं. एकानं पुरे म्हटलं तर म्हणाली, "गप जेव. आज जेवल्याबिगर नोकरी नाय."

मग इंजिनीअर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. साहेब शेजारी उभे. मी दुसऱ्या बाजूला. पहिला माणूस पुढे आला, लादीवाला.

"याला विचार," इंजिनीअर म्हणाला, "या नोकरीसाठी त्यानं काही पैसे दिले का."

साहेबांनी मला नजरेनं खूण केली. मी विचारलं, "जेवलात का?"

"हो, जेवलो की," लादीवाला म्हणाला.

"येस सर," मी म्हटलं.

साहेबांची मान झटकन माझ्याकडे वळली.

दुसरा माणूस. "जेवलात का?" "होय." "येस सर." तिसऱ्यानं तर पोटावरून हात फिरवला. चौथ्याला ढेकर आली.

इंजिनीअरच्या भुवया वर वर चालल्या होत्या. "सगळ्यांनी दिले? किती दिले, विचार."

मी विचारलं, "किती जेवलात?"

"पोट फुटस्तोवर," रंगारी म्हणाला.

"फार जास्त, सर," मी इंग्रजीत सांगितलं.

"कोणाला दिले?"

मी विचारलं, "कोणी वाढलं?"

सगळ्यांनी एकदम कुंपणापलीकडे हात केले. तिथं मावशी टोप घासत बसली होती. एवढी माणसं आपल्याकडे बोट दाखवतायत हे बघून तिनंही हात वर करून आम्हाला ओळख दिली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांना घाम फुटला होता. भाषांतर चुकतंय असं म्हणावं तर ते का चुकतंय हे सांगावं लागणार, आणि बरोबर आहे म्हणावं तर त्या बाईनं लाच घेतली असं ठरणार. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

शेवटी इंजिनीअर माझ्याकडे वळला. मिशांखाली हसत होता की नाही ते कळेना. "मुली," तो म्हणाला, "मी बरीच वर्षं देशोदेशीची माणसं निवडतोय. पैशांविषयी विचारलं की माणूस पोट चोळत नाही. आता त्यांना मी विचारलं तेच विचार."

इथपर्यंत खेळ होता. उद्या नोकरी गेली तर घरी काय, हा विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. साहेब हळू आवाजात म्हणाले, "विचार कर." धमकी नव्हती ती. विनवणीच होती.

मी विचारलं, "तुम्ही या नोकरीसाठी, टेस्टसाठी, कोणाला पैसे दिलेत का?"

लादीवाला जमिनीकडे बघत होता. साहेबांसमोर खरं बोललो तर नाव कापलं जाईल, ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर होती आणि ती खोटी नव्हती.

काका मागे होते, अंगावर सगळी विटांची धूळ. ते पुढे आले. त्यांनी मला बाजूला सारलं, म्हाताऱ्यासमोर उभे राहिले आणि अंगठा तर्जनीवर घासला. मग साहेबांकडे बोट केलं. नंतर बंगल्याकडे बोट केलं, आणि आपल्या छातीकडे. दुभाष्याची गरजच नव्हती.

"ह्या घर आमी बांधला," ते तरीही म्हणाले. "मजुरी नाय. वर आमीच पैसे दिले."

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं.

इंजिनीअर चिडला नाही. त्यानं छत्री मिटून मांडीवर ठेवली आणि साहेबांना म्हणाला, "माझं काम तुमच्याकडेच राहील. पण या सगळ्यांचे पैसे परत केल्याशिवाय एकही तिकीट निघणार नाही. आणि पुढच्या वेळीही मला हीच मुलगी दुभाषी हवी."

साहेब म्हणाले, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." पण या वेळी आवाज फुटत नव्हता.

मावशीनं म्हाताऱ्यालाही जेवायला वाढलं. त्याला काटे काढता येईनात तेव्हा तिनं समोर बसून एकेक मांदेली सोलून दिली.

साहेबांनी पैसे परत केले. एका दिवसात नाही, कुरकुरत, एकेकाला तंगवत केले, पण केले, कारण तिकिटं अडली होती. मला काढून टाकायची त्यांची फार इच्छा होती. काढता येत नव्हतं. आठवडाभर ते माझ्याशी फक्त हातवारे करून बोलले. मग एकदा टायपिंग करताना समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ते जेवणाचं तू ठरवलं होतंस ना?"

"तुम्ही सांगितलं तेच मी विचारलं, सर."

ते वळले, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. हसत होते ते. चोर माणूस, पण चांगली चाल त्यांना कळायची.

त्यानंतर ऑफिसच्या दारात एक पाटी लागली, मराठीत आणि हिंदीत, की नोकरीसाठी कोणीही पैसे देऊ नयेत. साहेबांनी ती अशा जागी लावली की दार उघडं असलं की पाटी दाराआड. मी टायरचा वास सहन होत नाही असं सांगून दार लावून घ्यायला लागले. बाहेरच्या गल्लीतल्या दुसऱ्या एजंटांकडे मात्र जुनंच चालू होतं. आमच्याच डोंगरावरचा एक सुतार अशा एकाकडे फसला, विमानतळापर्यंत जाऊन परत आला आणि कित्येक दिवस खोलीतून बाहेर पडला नाही. आमच्या पाटीनं त्याला काही मदत केली नाही.

मनोरीचं घर तसंच अर्धवट राहिलं. पुढे साहेबांनी ते मजुरी देऊन पुरं केलं. महाग पडलं म्हणून वर्षभर सांगत होते सगळ्यांना.

काका निवडले गेले. जायच्या दिवशी अख्खी चाळ टेम्पोत बसून सहारच्या विमानतळावर गेली. काकांनी नवे बूट घातले होते आणि ते चावत होते. आतल्या तपासणीत त्यांच्या हातातल्या पिशवीत थापी सापडली. थापी म्हणजे गवंड्याचा हात, ती सामानात टाकायला ते तयार नव्हते. शिपायानं बाहेर आणून ती माझ्या हातात दिली, आणि काका काचेपलीकडून मला खुणा करायला लागले की नीट ठेव, गंजायला देऊ नकोस, तेल लाव. आत बोलावेपर्यंत माणूस थापीबद्दलच सांगत होता. बायकोकडे बघायचं धाडस होत नसणार.

परतताना काकी माझ्या शेजारी बसली होती. टेम्पोत सगळे बडबडत होते, कोणी आखातातल्या उन्हाबद्दल, कोणी काका आता काय काय आणतील याबद्दल. काकी घाटकोपर येईपर्यंत मागे पडणारा रस्ता बघत होती. डोंगराच्या पायथ्याशी उतरताना तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "दोन वर्सा घोरणा ऐकूक येवचा नाय. बरा झाला."

मग माझ्या हातातली थापी तिनं काढून घेतली, आणि चढ चढायला लागली.